माळ्यावरची खोली

बाबा,

परवा घर मोजायला एक माणूस आला होता. मामाच्या मुलानेच आणला. ओसरी झाली, पुढची खोली झाली, स्वयंपाकघर, न्हाणी, मागचं अंगण, सगळीकडे त्याने टेप लावला. मी जिन्याकडे हात करून म्हटलं, वर अजून एक खोली आहे. त्याने मानसुद्धा वर केली नाही. "माळा आहे न तो मावशी? माळा आम्ही हिशेबात धरत नाही." मग मामाचा मुलगा हसला आणि त्याला ती जुनी गोष्ट सांगू लागला, की यांच्या बाबांनी सोनेगावकडचा प्लॉट सोडला आणि त्या पैशात हा माळा बांधला. आपल्या नात्यात ही गोष्ट अजून सांगतात. लग्नात म्हणा, तेरवीला म्हणा, चार माणसं बसली आणि जमिनीच्या भावाचा विषय निघाला की कोणीतरी तुमचं उदाहरण देतंच. तो प्लॉट पुढे ज्याने घेतला त्याच्या नातवाचं आता तिथे मोटारींचं शोरूम आहे. मी दोघांना चहा दिला. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. ताई गेल्यापासून असंच चाललंय. पाणी भरते, भाजी चिरते, पेन्शन आणायला जाते, सगळं वेळच्या वेळी होतं, फक्त त्यातलं काही आतपर्यंत पोचत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी आता सांभाळून बोलायची गरज राहिलेली नाही.

तुमचा माळा म्हणजे आधी काय होता ते मला चांगलं आठवतं. नागपुरात महाल भागातल्या आपल्या गल्लीत सगळ्यांच्याच घरावर मातीचे कवेलू, आणि कवेलूच्या खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या सागवानी मयालींवर फळ्या टाकून केलेला अंधारा पोटमाळा. तिथे गोवऱ्या, कांदे, जास्तीच्या गाद्या, फुटका पाळणा. शिडी लावून चढायचं आणि वाकूनच चालायचं. खाली दोन खोल्या आणि ओसरी. पुढच्या खोलीत तुमची खाट, कारण टॉकीजचा शेवटचा खेळ संपवून तुम्ही उशिरा यायचे आणि सकाळी तुमची झोप मोडायची नाही असा घराचा नियम होता. स्वयंपाकघरात आई, मी आणि लग्नाआधी ताई. तुम्ही त्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, मशीनवर सिनेमा चालवायचे. माझ्या वर्गातल्या मुलींना ते फार मोठं वाटायचं. त्यांना वाटे, आम्ही रोज फुकट सिनेमा बघतो.

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढचं वर्ष असावं. होळीच्या थोडं आधी ताई भिवापूरहून एकटीच आली. इतवारी स्टेशनावर छोट्या लाईनची गाडी यायची, तिने आली, आणि स्टेशनापासून पायी. लग्न होऊन तिला तीन वर्षं झाली होती. सासरी मिरचीचा धंदा. दारात उभी राहिली तेव्हा मला आधी वाटलं तिला डोळे आलेत, इतके ते सुजलेले होते. आणि खोकला. बोलायला तोंड उघडलं की खोकला. आईने तिला पाणी दिलं, गूळ दिला, काही विचारलं नाही. तुम्ही दुपारच्या खेळाला निघायच्या आधी पुढच्या खोलीत दाढी करत होते. आई भाकरी थापत होती, मी तांदूळ निवडत होते, आणि ताई चुलीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती.

"आई, मले तिथी परत नाही जायचं," ती म्हणाली.

आईचा हात थांबला नाही. "काहून?"

"ते मले मिरचीच्या खोलीत कोंडून ठेवतेत. बाहेरून साखळी लावून दुकानात चालले जातेत."

"मारतेत का?"

"मारत नाही."

आईने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "इथी जागा कुठी हाये पोरी? समोर तुहे बाबा झोपतेत, इथी आम्ही दोघी. उद्या लहानीले पाहाले पाहुणे येतीन, तं तुले कुठी बसवू?"

आईला मी आज दोष देत नाही, तेव्हाही दिला नव्हता. त्या काळी परत आलेल्या मुलीला प्रत्येक आई हेच सांगायची. जागा नाही, हे सांगायला सोपं होतं. जागा नाही म्हटलं की कोणाला वाईट व्हावं लागत नाही, घरच लहान असतं. ताईनेही वाद घातला नाही. तिने डोळ्यांना पदराचा ओला कोपरा लावला आणि माझ्यासोबत तांदूळ निवडायला घेतले. पुढच्या खोलीत तुमच्या वस्तऱ्याचा आवाज बंद झाला होता. तुम्ही ऐकलं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच, तुम्ही दारात येऊन उभे राहिले, ताईकडे पाहिलं आणि परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच तिला गाडीत बसवून दिलं. मीही आले होते. तुम्ही तिला फुटाण्याची पुडी दिली. ती खिडकीत बसून तुम्हालाच विचारत होती, "बाबा, तुम्ही जेवून निघाले का?" गाडी हलली तरी ती इतकी हळू जायची की तुम्ही खिडकीला धरून फलाटाच्या टोकापर्यंत सोबत चालत गेले. तिथे फलाट संपला. घरी आलो तर तुम्ही कपडेसुद्धा बदलले नाहीत. शिडी लावली आणि माळ्यावर चढले. आई खालून विचारते, "काय शोधून राहिले जी?" बराच वेळ वर नुसते पावलांचे आवाज. उतरले तेव्हा केसांना जाळ्या लागलेल्या होत्या, आणि तुम्ही माझ्याकडे बघून विचारलं, "भिंत हातभर वाढवली तं माणूस वर उभा राहीन का?" मला काय कळणार. मी म्हटलं, राहील.

आणि मग त्या रविवारी मामा आला. सोनेगावच्या बाजूला तेव्हा तुरीची शेतं होती, त्यातले प्लॉट पडत होते, आणि मामाने तुमच्यासाठी एक धरून ठेवला होता. ठरलं असं होतं की आता घ्यायचा आणि माझ्या लग्नाच्या वेळी विकायचा. म्हणजे तो प्लॉट माझाच होता म्हणा ना. त्यासाठी आईने वर्षानुवर्षं डब्यात बाजूला टाकलं होतं, तुम्ही दिवाळीचे कपडे घेतले नव्हते. मामा बयाना न्यायला आला होता.

"प्लॉट नाही घ्यायचा," तुम्ही म्हणाले. "माळा बांधून राहिलो. वर खोली काढतो."

मामाला आधी वाटलं तुम्ही थट्टा करताय. "कवेलूच्या खाली खोली? भाऊजी, जमीन पडल्या पडल्या वाढते. माळा काय वाढते? उद्या विकाले काढला तं एकटा माळा कोणी घेईन का? अन् मे महिन्यात तिथी काय कराल तुम्ही? पापड भाजाल? माकडानं एक उडी मारली का कवेलू फुटलं, पावसाचं पाणी डोक्यावर. पैसा असा कोणी छतात घालते का?"

"तुमचं सगळं खरं हाये," तुम्ही म्हणाले.

"मंग?"

"मंग काही नाही. मले खोली पायजे."

"पण कोणासाठी?"

"घरासाठी."

मामा चहा न पिता उठला. आई पदर तोंडाला लावून रडली, म्हणाली, लहानीचं नशीब छताला टांगलं या माणसानं. तुम्ही ऐकत बसले. बाबा, मामा म्हणाला त्यातली एकही गोष्ट खोटी निघाली नाही. जमीन वाढली. माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापायचा. माकडांनी कवेलू फोडले, आणि दर पावसाळ्यात एक तरी कोपरा गळायचा, त्याखाली आम्ही घमेलं ठेवायचो. एखाद्या जाणत्या माणसाने कागद घेऊन नफा-तोटा मांडला असता तर तुमच्या बाजूला लिहायला त्याला काहीही सापडलं नसतं.

पावसाच्या आत काम उरकायचं होतं. छप्पर काढलं तेव्हा काही दिवस स्वयंपाकघरातून आभाळ दिसत होतं आणि डाळीत माती पडत होती. आई भांडी झाकून झाकून दमली. भिंती वाढल्या, कवेलू परत चढले, फळ्यांची जमीन झाली, गल्लीच्या बाजूला खिडकी आली, आणि शिडीच्या जागी लाकडी जिना. दार बसवत होते त्या दिवशी मी पायरीवर बसले होते. आतली कडी लावून झाली, तसा वाढई बाहेरच्या साखळीसाठी भोक पाडायला लागला. तुम्ही त्याचा हात धरला.

"बाहेरून नाही लावायची."

"बिना साखळीचं दार? घर बंद करून गावाले जासाल तं?"

"तं उघडं राहीन."

तो वाढई माझ्याकडे बघून हसला. मलाही वाटलं, पैसे संपले असतील, म्हणून बाबा साखळी वाचवून राहिले. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. माझं मॅट्रिकचं वर्ष सुरू होणार होतं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ही खोली माझी. नाहीतर आणखी कोणाची असणार? घरात मीच शिकत होते. रंग ओला होता तरी मी माझी पुस्तकं वर नेली, खिडकीत ओळीने लावली आणि गल्लीकडे बघत उभी राहिले. वरून आपली गल्ली वेगळीच दिसायची, लोकांची फक्त डोकी आणि टोप्या. तुम्ही जिना चढून आले. तुम्ही मला कधी मोठ्याने बोलत नव्हते, त्या दिवशी बोलले. "उचल ते. खाली चाल. हे खोली तुही नाही." मी पुस्तकं उचलली, त्यातलं एक जिन्यावरून पडलं, ते तुम्हीच उचलून माझ्या हातात दिलं. मी त्या दिवशी जेवले नाही. पुढच्या आठवड्यात शाळेतून आले तर जिन्याच्या खाली, तिरप्या पायऱ्यांच्या पोटात बरोबर बसेल असं एक टेबल ठेवलेलं होतं, उरलेल्या फळ्यांचं. एक पाय जरा आखूड, त्याखाली तुम्ही सिनेमाच्या रिळाच्या डब्याचं झाकण घातलं होतं. त्या टेबलावर मी मॅट्रिक झाले. आजही हे तिथेच बसून लिहितेय.

खोलीचा रंग वाळला तशी तुम्ही टॉकीजमधून सुट्टी घेतली. आईला सांगितलं, काम आहे, संध्याकाळपर्यंत येतो. तुम्ही भिवापूरला गेले होते. तिथे काय झालं ते तुम्ही कधीच सांगितलं नाही, ताईने मला सांगितलं, तेही खूप वर्षांनी. म्हणाली, बाबा अंगणात येऊन उभे राहिले. चारी बाजूंना वाळत घातलेली मिरची, मधे बाबा, धोतराचा सोगा हातात. सासऱ्यांनी बसायला खाट टाकली, बाबा बसले नाहीत. म्हणाले, "पोरीले न्यायले आलो." सासरे म्हणाले, "आता कोणता सण हाये जी?" बाबा म्हणाले, "सण नाही. तिच्यासाठी घरी खोली बांधली." भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं, आणि हात जोडत आला असता तर त्याला हाकलता आलं असतं. पण खोली बांधली म्हणणाऱ्याला काय म्हणणार? जावई दुकानातून आले, तावातावाने म्हणाले, आज गेली तर परत घेणार नाही. तुम्ही मान डोलावून म्हणाले, "हाव." एवढंच. ताई म्हणायची, त्या "हाव"ने तिला सगळ्यात आधी भीती वाटली, आणि मग स्टेशनवर बसल्यावर भूक लागली. तिने स्टेशनवर दोन माणसांचं खाल्लं आणि तुम्ही बघत राहिले.

दिवेलागणीला तुम्ही दोघं दारात. ताईच्या हातात लहान पेटी, अंगावर नेसलेलं लुगडं. आई चुलीपुढून उठून आली. तिने ताईकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि मग जिन्याकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

"मले सांगायचं तं असतं," आई म्हणाली.

"सांगितलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

"हाव," आई म्हणाली, "म्हटलं असतं." आणि आत जाऊन तिने तांदूळ वाढवले.

त्या दिवसापासून आपल्या घरात फोडणीत लाल मिरची पडली नाही. आईला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपण होऊन बरणी उचलली आणि शेजारी देऊन टाकली. नागपूरच्या घरात मिरचीशिवाय वरण, पाहुणे पहिला घास घेऊन थांबायचे. आई म्हणायची, यांना डॉक्टरनी मनाई केली, आणि तुमच्याकडे बोट दाखवायची. तुम्ही मान हलवायचे. माफी वगैरे आपल्या घरात कोणी मागत नव्हतं. आई मरेपर्यंत हिरव्या मिरचीवर आणि मिऱ्यावर स्वयंपाक करत राहिली.

ताईने त्या खोलीत राहून मास्तरकीचं शिक्षण केलं आणि तिला कॉर्पोरेशनच्या शाळेत नोकरी लागली. उन्हाळ्यात ती कवेलूवर ओली पोती टाकायची आणि खिडकीत वाळ्याची टट्टी बांधायची, तरी दुपारी खाली यावंच लागायचं. खाली आली की सगळ्यांत मिसळायची, हसायची, शेजारच्या पोरांचे पाढे घ्यायची. मग वर जायची आणि आतून कडी लावायची. कधी कधी भर दिवसा, काही कारण नसताना, नुसती कडी लावल्याचा आवाज यायचा आणि लगेच काढल्याचा. तुम्ही खाली खाटेवर पेपर वाचत असायचे. तो आवाज आला की तुम्ही पान उलटायचे. मी हे पाहिलेलं आहे.

आणि माझं म्हणाल, तर मला पाहायला पाहुणे आले. बऱ्याचदा आले. पोहे झाले, चहा झाला, मला शिकण्याबद्दल विचारून झालं, की कोणीतरी जिन्याकडे बघून विचारायचंच, वर कोण राहतं? आईने तुम्हाला शिकवून ठेवलं होतं, भाडेकरू म्हणा. तुम्ही प्रत्येक वेळी स्वच्छ आवाजात सांगायचे, "मोठी मुलगी." मग कप खाली ठेवल्याचे आवाज. मग गल्लीच्या तोंडापर्यंत तुम्ही त्यांना सोडायला जायचे. पुढे पुढे आई पोहे कमी करायला लागली. ताई पाहुणे येणार असले की शाळेतून उशिरा यायची, तरी काही फरक पडत नव्हता.

अशाच एका नकारानंतर मी दुपारच्या खेळाला टॉकीजवर आले होते, तुम्हाला आठवत असेल. मागच्या बाजूचा लोखंडी गोल जिना, इतका तापलेला की कठड्याला हात लावता येत नव्हता. तुमची केबिन मी त्याआधी लहानपणी एकदाच पाहिली होती. दोन मोठी मशीनं, त्यांच्या आत कार्बनच्या कांड्या जळतात, त्याचा जळका वास, आणि आपल्या माळ्यापेक्षा जास्त गरमी. तुम्ही गंजीवर होते, गळ्यात ओला पंचा. मला बघून तुम्ही स्टूल पुढे सरकवलं, पण डोळे त्या बारक्या चौकोनी खिडकीवरच होते. मी बसले नाही. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलावं लागत होतं.

"बाबा, माह्यासाठी काय ठेवलं तुम्ही?"

खाली लोक कशाला तरी हसले. तुम्ही कांडी सारखी केली, परत खिडकीतून पाहिलं.

"तुह्यासाठी होतं," तुम्ही म्हणाले. "ते मी वर लावलं. तुले विचाराले पायजे होतं. नाही विचारलं."

"काहून नाही विचारलं?"

"तू माह्या डोळ्यासमोर होती. ती नव्हती."

तेवढ्यात रीळ संपत आलं आणि तुम्हाला दुसऱ्या मशीनवर जावं लागलं. तुमचे हात भराभर चालत होते, इकडचं बंद, तिकडचं सुरू, आणि खाली बसलेल्या कोणाला कळलंसुद्धा नाही. मी स्टुलावर बसले आणि उरलेला सिनेमा त्या भोकातून पाहिला. मशीनच्या घरघरीत एक शब्द ऐकू येत नव्हता, माणसं नुसती तोंड हलवत होती, रडत होती. खेळ सुटल्यावर तुम्ही मला समोरच्या हॉटेलात आलूबोंडा खाऊ घातला. मी नंतर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागले, दिवसभर दुसऱ्यांचे कॉल जोडत राहिले, आणि पाहुणे बोलावणं आपोआप बंद झालं. कोणी तसं ठरवलं नव्हतं.

तुम्ही गेले ते मे महिन्यात. ताईने पगारातून कूलर घेतला होता, तो तिने वर न नेता तुमच्या खाटेपाशी लावला. तुम्हाला त्याचा आवाज आवडायचा, म्हणायचे मशीनसारखा आहे. टॉकीजची नोकरी तेव्हा सुटून वर्षही झालं नव्हतं. सकाळी ताई चहा घेऊन गेली तर तुम्ही नव्हते, कूलर चालू होता. लोक आले, मामाही आला, तुमच्या पायाशी बसून खूप रडला आणि मग बाहेर ओट्यावर कोणाला तरी प्लॉटची गोष्ट सांगितली. आई पुढे बरीच वर्षं होती. मग आम्ही दोघी. ती वर, मी खाली. इतकी वर्षं दोन बहिणी एका घरात राहिल्या, तर लोकांना वाटतं फार बोलत असतील. आम्ही बाजारहाटाचं बोलायचो. ती भाजी आणायची, मी निवडायची.

गेल्या थंडीत ताई गेली. दवाखान्यात, थोड्याच दिवसांत. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टर विचारत होते, लहानपणी कधी दमा होता का. मी म्हटलं, नाही. तिच्या शाळेत शिकलेली माणसं आली, त्यातले काही म्हातारे झालेले, बाई बाई करून रडले. मी त्यांच्यासाठी सतरंज्या मागवल्या, पाण्याची सोय केली. सगळे म्हणाले, लहान बहीण मोठी खंबीर आहे. खंबीर नव्हते मी. लांब, दुसऱ्याच कोणाच्या घरात कोणी वारल्यासारखं ते सगळं दिसत होतं.

घर बिल्डरला द्यायला मी हो म्हटलं आहे. मला त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळेल, लिफ्ट असेल. गुडघे आता जिना चढू देत नाहीत. मामाचा मुलगा जाताना मला म्हणाला, "ताई, राग नको मानू, पण खरं सांग, त्या माळ्याचा काही फायदा झाला का?" त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. मी सांगितलं, मला माहीत नाही. ते खरंच आहे, बाबा. ताईच्या बाजूने पाहिलं की वाटतं, त्या पैशात एक माणूस मिळालं, आणखी काय पाहिजे. माझ्या बाजूने पाहायला गेलं की पाहावंसं वाटत नाही. एक दुसऱ्यातून वजा करता येत नाही आणि दोन्हीची बेरीजही होत नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी त्या वयात काय उत्तर दिलं असतं, याचा मी पूर्वी फार विचार करायची. आता करत नाही. बहुतेक आईसारखंच म्हटलं असतं.

एक सांगायचं राहिलंय. ते पाहुणे यायचे, त्यांत एकदा उमरेडकडचे होते, बाप आणि मुलगा. मुलगा पोस्टात होता, कानाची पाळी जरा फाटलेली. तुम्ही "मोठी मुलगी" म्हणाले तेव्हा सगळ्यांसारखी त्याने मान खाली घातली नाही. त्याने विचारलं, "ताई काय शिकून राहिल्या?" तुम्ही सांगितलं, तर म्हणाला, "बरं झालं." मग त्याचा बाप उठला, तोही उठला, आणि मध्यस्थाकडून जो यायचा तोच निरोप आला. तुम्हाला तो मुलगा आठवणारही नाही. ताईला मी हे कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ती खोली सोडली असती. आईलाही नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, पण लिहून ठेवते. तो मला आवडला होता, बाबा.